बिनदरवाजाचा आरोपी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील कट्टा हे महापुराची कारणमीमांसा करणारे एक बिनपगारी विद्यापीठ असून, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकली की त्याचे कामकाज सुरू होते आणि 43 फुटांची धोका पातळी येण्याआधीच निकाल लागतो: दोषी कर्नाटकातले आलमट्टी धरण. 2019 च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने त्या धरणाला दोषी धरले नाही, हे पेठेने समितीच्या अज्ञानाच्या खाती जमा केले.

या शास्त्राचा सिद्धांत असा की गुन्हेगाराला दरवाजे असावेत, त्याचा विसर्ग क्युसेकमध्ये मोजता यावा आणि शक्यतो तो परराज्यातला असावा, म्हणजे मोर्चा कुठे न्यायचा हा प्रश्न उरत नाही. कार्बन डायऑक्साइड या कसोटीवर सपशेल नापास होतो. हवेच्या शंभर रुपयांत त्याचा वाटा जेमतेम चार पैशांचा. उद्योगयुगापूर्वी तो दहा लाख भागांत 280 होता, 1958 मध्ये हवाई बेटावर चार्ल्स कीलिंग यांनी मोजणी सुरू केली तेव्हा सुमारे 315 होता, आता 420 च्या वर आहे. जमिनीतून परतणारी उष्णता हा वायू शोषतो व काही अंशी पुन्हा खाली धाडतो. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, आणि मग गगनबावड्याच्या डोंगरात कोसळायचे ते अधिक जोराने कोसळते. राधानगरी धरण भरले की त्याचे सात दरवाजे आपोआप उघडतात. वातावरणाला तशी सोय नसून, माणसाने सोडलेला निम्मा वायू समुद्र आणि झाडे कशीबशी पचवतात, उरलेला वरच साचतो.

अर्थात एखाद्या पुराचे सगळे खापर या वायूवर फोडणे हेही कट्ट्याचेच शास्त्र झाले. पूररेषेत भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारतींनाही दरवाजे आहेत, पण ते आपल्याच पाहुण्यांचे असल्याने विचारात घेतले जात नाहीत.

गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड जळते तेव्हा उसाने हवेतून नुकताच घेतलेला कार्बन हवेला परत मिळतो. पेट्रोलमधला मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला असतो आणि लिटरमागे सव्वादोन किलोंहून अधिक वायू मोकळा करतो. पाणी जामदार क्लबपर्यंत आल्याची वार्ता पेठेत पोहोचताच एकेका मोटारसायकलवर तिघे बसून गंगावेशीकडे निघतात, पाण्याच्या कडेला गाडी चालूच ठेवून मोबाइल उंचावतात, आणि मागे बसलेला विचारतो, ‘‘आलमट्टीनं किती सोडलंय रं?’’