पाटी बदलली, वही तीच
1986च्या शैक्षणिक धोरणानंतर प्राध्यापकांना शिकवायला शिकवण्यासाठी विद्यापीठांत ‘अकॅडमिक स्टाफ कॉलेजं’ निघाली. पुढे त्यांची मानव संसाधन विकास केंद्रं झाली. 2023 साली मदनमोहन मालवीयांचं नाव लागलं. पाटी रंगवणाऱ्याचा हात चांगलाच बसला.

आत मात्र सगळं जागच्या जागी. ‘विद्यार्थीकेंद्रित अध्यापन’ या विषयावर तज्ज्ञ सलग दीड तास एकटेच बोलतात. शंकांना वेळ उरत नाही. हल्ली हा उजळणीचा ‘रिफ्रेशर’ कोर्स ऑनलाइनही असतो. म्हणजे कॅमेरा बंद, कुकरच्या तीन शिट्ट्या, आणि कुणाचा तरी माइक चुकून चालू: ‘‘अगं, दूध उतू चाललंय!’’ (दोन आठवड्यांत सगळ्यांना कळलेलं एकमेव वाक्य.) शेवटी प्रमाणपत्र. ते पदोन्नतीच्या फाइलीत जातं. वर्गात जाते ती सरांची पिवळी पडलेली वही.

तासिका तत्त्वावरचे शिक्षक मात्र या भानगडीतून सुटलेत. कॉलेज टू कॉलेज धावत तास घेणाऱ्यांना पदोन्नतीच नाही, मग उजळणी हवी कशाला? मानधन दिवाळीनंतर मिळेल म्हणतात. कुठल्या दिवाळीनंतर, हे विचारायचं नसतं.