अज्ञान, पालनकर्ता वडील

आपल्या देशात माणूस एकदम मोठा होत नाही, हप्त्याहप्त्याने होतो. १८व्या वर्षी मत देता येतं. २१व्या वर्षी महाराष्ट्रातल्या मुलाला बिअरही चालते आणि बोहलाही. २५ पूर्ण झाली की व्हिस्कीचा परवाना आणि लोकसभेची उमेदवारी, दोन्ही वाटा एकाच दिवशी खुल्या होतात. यात घटनाकारांचा काही दोष नसावा.

हे सगळे हप्ते मी फेडले आहेत. पुण्यात नोकरी आहे. पगाराचे तीन आकडे आहेत: सीटीसी नातेवाइकांसाठी, इन हॅन्ड मित्रांसाठी आणि वीस तारखेची शिल्लक फक्त माझ्यासाठी. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि पुढेमागे मिळालीच तर मिळणारी ग्रॅच्युइटीही धरलेली असते. त्यामुळे स्थळं सीटीसीवर येतात आणि घरभाडं इन हॅन्डमधून जातं.

बाबांची अख्खी हयात एका सरकारी खात्यात गेली. पगार एक जुलैला आपोआप वाढतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. मी नोकरी बदलली की ते हळूच विचारतात, "काढलं का रे?"

फ्लॅट भाड्याने घेताना मालकांनी माझी पे स्लिप बाजूला सारली.

"वडील काय करतात?"

"निवृत्त झालेत."

"पेन्शन?"

"आहे."

मग कुठे त्यांचा चेहरा खुलला आणि अकरा महिन्यांचा करार झाला.

पण खरा दाखला गावच्या सातबाऱ्यावर मिळाला. आजोबांनी मृत्युपत्राने वीस गुंठे माझ्या नावे केले, तेव्हा मी शाळेत होतो. नावापुढे नोंद पडली: 'अ.पा.क. वडील'. म्हणजे मी अज्ञान, पालनकर्ता बाबा. ही नोंद वयाबरोबर गळून पडत नाही. वयाचा पुरावा जोडून अर्ज करावा लागतो, मग फेरफार होतो. दरम्यान तलाठ्याचासुद्धा ग्राम महसूल अधिकारी झाला, मी अज्ञानच राहिलो.

माझ्या पिढीला जबाबदारी नको असते, असं म्हणतात. खोटं आहे. आम्हाला जबाबदारी हवी असते, फक्त रांगेत दुसरं कुणीतरी उभं राहायला हवं.

शेवटी अर्ज लिहिला, जन्मदाखला जोडला, रजा टाकून गावी गेलो. बाबांनी अर्ज वाचला, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि चपला घातल्या.

"तू थांब घरी. तुला नाही जमायचं, मी जाऊन येतो."

वाद घालणार होतो. पण बाहेर ऊन फार होतं.