चपट्या तारेचा साधक

टेनर गिटार घेणारा माणूस साधा नसतो. सहा तारांची गिटार गल्लोगल्ली मिळत असताना तो मुद्दाम चार तारांची घेतो. कुणी "ही युकुलेले का?" असं विचारलं की तो दुखावतो, खरं तर याच प्रश्नाची वाट बघत तो ती पेटीतून बाहेर काढतो. या जमातीतही एक सोवळी पोटजात आहे. ही मंडळी टेनरला फ्लॅटवाउंड तारा लावतात, म्हणजे पोलादी गाभ्यावर गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेल्या. ही सगळी खटपट नादासाठी आहे, असं ती सांगतात. माझं म्हणणं असं की फ्लॅटवाउंडवाल्याला नादापेक्षा अडचण हवी असते, आणि ती अडचण शेजाऱ्याकडे नसावी एवढीच त्याची अट असते.

पुरावा म्हणून आधी वाद्याचंच बघा. १९२०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नाचाच्या वाद्यवृंदांतून बँजो मागे पडू लागला आणि गिटारचे दिवस आले. टेनर बँजोवाल्यांची पंचाईत झाली. हात बसलेला सी-जी-डी-ए अशा, पंचमाच्या अंतराने लावलेल्या चार तारांवर, आणि पोटासाठी आता गिटार हवी. गिब्सन, मार्टिन अशा कंपन्यांनी त्यांना चारच तारांची, २३ इंचांच्या आसपास लांबीची तार असलेली गिटार करून दिली. बोटं तीच, आवाज नवा, पगार चालू. नवं काही शिकावं लागू नये म्हणून जन्मलेलं हे वाद्य. आळशी म्हणा, व्यवहारी म्हणा. जॅझवादक टायनी ग्राइम्सने याच चार तारांवर आर्ट टेटमच्या पियानोला साथ केली आणि १९४४ साली चार्ली पार्करला सोबत घेऊन ध्वनिमुद्रण केलं. किंग्स्टन ट्रायोचा निक रेनल्ड्स ती गळ्यात अडकवून लोकगीतं गायला आणि सभागृहं भरली. सोयीपोटी जन्मलेल्या या वाद्याला आज मात्र गैरसोयीचे भक्त लाभले आहेत.

आता तारांचं गणित. टेनरच्या चार तारांपैकी ए आणि डी या वरच्या दोन साध्या पोलादी तारा. त्यांच्यावर काही गुंडाळलेलंच नसतं; तिथे गोल काय नि चपटं काय! म्हणजे सगळा तंटा उरलेल्या जी आणि सी या दोन तारांचा. तेवढ्यासाठी आमचा साधक सहा तारांचा जॅझचा संच मागवतो, ११ ते ५० गेजचा (गेज म्हणजे तारेची जाडी). त्यातली २२ची जीला, ३०ची सीला, १५ची साधी तार डीला. ११ची तार ए स्वरापर्यंत चढवली तर २३ इंचांवर ताण जवळजवळ १३ किलो होतो, म्हणून १०ची सुटी तार वेगळी घ्यायची. ती साडेदहा किलोंवर भागते. राहिल्या ११ची एक आणि ४०, ५०च्या दोन जाड तारा. त्या तो टाकत नाही, डब्यात ठेवतो. या खटपटीतून सुटायचा मार्ग कधीचाच निघालेला आहे. वाद्य डी-जी-बी-ई असं लावलं, तर सहा तारांच्या संचातल्या वरच्या चार तारा मुकाट्याने बसतात, गणित नाही की सुटी खरेदी नाही. पण या पद्धतीचं नाव काढलं, की सोवळ्यातल्या स्वयंपाकात कुणी लसूण टाकल्यासारखा त्याचा चेहरा होतो.

यावर कुणी म्हणेल, चपट्या तारेचे गुण खोटे आहेत का? मुळीच नाहीत. गोल गुंडाळीच्या खाचांवरून बोट सरकलं की किर्र होतं. चपटीवर होत नाही. तार गुळगुळीत राहते, पडदे कमी झिजतात, आवाज गोल, दबका, जुन्या रेडिओसारखा येतो. विजेच्या गिटारवर तो फार शोभतो, हे मान्य. पण लाकडी पोकळ टेनरवर हीच तार अर्धवट झोपेत बोलल्यासारखी वाजते. त्यातून वरच्या दोन साध्या तारा खणखणीत, म्हणजे खाली दुपारची वामकुक्षी आणि वर सकाळचा गजर. ही विजोड जोडी त्याच्या कानाला खटकते. मग तो काय करतो? वादन थांबवतो आणि दुसऱ्या गेजच्या तारा मागवतो.

मग जेम्स जेमरसनचं नाव पुढे येतं. मोटाउनच्या त्या थोर बासवादकाने फ्लॅटवाउंडच वापरल्या, तेव्हा प्रश्नच मिटला! पण जेमरसनची ख्याती अशी की तार तुटल्याशिवाय तो बदलत नसे. चपट्या तारेचा मोठा गुण टिकाऊपणा, आणि नेमकी तीच आमचा साधक दर दोन महिन्यांनी उतरवतो. जेमरसनला वाजवायचं होतं, त्यामुळे निवडायला वेळ नव्हता.

शेवटचा आक्षेप आपल्या घरचा आहे. तंबोऱ्याच्या जवारीपायी आपली माणसं कमी वेडी होतात का? होतात. मिरजेचा कारागीर घोडी घासघासून जवारी काढतो, आणि गवई तारेखाली सुती दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत बसतो. त्या दोऱ्याला 'जीव' म्हणतात. पण ती सगळी तपश्चर्या तारेतून झंकार काढण्यासाठी असते, आणि झंकार निघाला की गाणं सुरू होतं. आमचा साधक दुप्पट पैसे मोजून तारेतला झंकार काढून घेतो, मग तो कुठे गेला म्हणून हळहळतो. दोन्ही वेडांत फरक आहे तो इतकाच, की एकाच्या शेवटी मैफल असते.

सध्या सीला ३०ऐवजी ३२ची तार लावावी का, यावर त्याचं चिंतन चालू आहे. सुटी तार मिळते, पण तिच्यापेक्षा पाठवणावळ महाग. म्हणून तो पुन्हा अख्खा संचच मागवेल, जरा जाड गेजचा. तेव्हा कुणाला जाड चपट्या तारा हव्या असतील तर त्याच्याकडे चौकशी करावी. डबा भरत आला आहे, आणि तारा अगदी कोऱ्या आहेत.