कसब्यातून कसब्यात

टँजियर, मोरोक्को
१९ ऑक्टोबर

तीर्थरूप नानांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही पाचही जण आफ्रिकेत सुखरूप पोचलो. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला "रात्रीचे किती?" असं विचारता आणि उरलेली हकिकत त्या आकड्याखाली चेंगरते. म्हणून पत्र. आकडा शेवटी आहे, आधी शेवट वाचू नका. वाड्याच्या रीडेव्हलपमेंटचे कागद बॅगेत नीट आहेत. मुखत्यारपत्रावर आईची सही निवांत बसून घेतो.

निघताना तुमचा आदेश होता की परगावी मुक्काम स्टँडजवळ करावा. हा नियम तुम्ही पंढरपूरला पाळलात, गाणगापूरला पाळलात आणि महाबळेश्वरलाही पाळलात. त्यामुळे महाबळेश्वरचा एकही सूर्योदय आम्ही पाहिला नाही, पण गाडी कधी चुकली नाही. टँजियरलाही तो पाळला. एक रात्र. पुढच्या रात्रींचा जाब म्हणून हे पत्र समजावं.

आधी येण्याबद्दल. ॲम्स्टरडॅमहून मालागा विमानाने, तिथून बसने तारिफा, आणि तारिफ्याहून बोट. टँजियर नावाची बंदरं दोन आहेत, हे मला तुमच्या सुनेने वेळेवर सांगितलं. अल्जेसिरासच्या बोटी ज्या टँजर-मेडला लागतात ते गावापासून चाळीसेक किलोमीटरवर. तारिफ्याची बोट थेट गावाच्या पायथ्याशी लागते. म्हणजे शिवाजीनगर समजून लोणावळ्याला उतरण्यातला प्रकार टळला. बोट तासाभराची, आणि या दिवसांत मोरोक्कोचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे. अकराला निघालो आणि अकरालाच पोचलो. आई म्हणाली, "ह्यांना कळवा. प्रवासात वेळ फुकट गेला असं म्हणायला जागा नाही."

पासपोर्टवर शिक्का बोटीतच मारतात. सगळे डेकवर उभे राहून आफ्रिका बघत होते तेव्हा आईने रांगेत पहिला नंबर लावून ठेवला होता. तिचा शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे हे मी चार वेळा तपासलं होतं. एकाच प्रवेशाचा असता तर परत युरोपात घेतलं नसतं, आणि तिला इथेच ठेवून यावं लागलं असतं. ही शक्यता तिला सांगितल्यावर ती घाबरली नव्हती, हे आता आठवतंय.

बंदरावर पहिला धडा मिळाला. इथल्या छोट्या टॅक्सीत, फिक्या निळ्या रंगाची आणि पिवळ्या पट्ट्याची असते ती, तीनच माणसं बसवतात. चौथं नाही. मांडीवर घेतलेलंही नाही. रिक्षात सहा जण बसून तुळशीबागेत जाणाऱ्या घराण्याला हा अपमान वाटला. दोन टॅक्स्या केल्या. मोठी टॅक्सी वेगळी असते, तिच्यात सगळे मावतात, हे दोन टॅक्स्यांचे पैसे दिल्यावर कळलं.

तर पहिली रात्र स्टेशनजवळ. इथून कासाब्लांकाला २०१८पासून ताशी ३२० किलोमीटर वेगाची गाडी धावते, आफ्रिकेतली पहिली. दोन तास दहा मिनिटांत पोचवते. आम्हाला कासाब्लांकाला जायचं नव्हतं, पण जायचंच झालं असतं तर गाडी नक्की मिळाली असती. हॉटेल चकाचक. लिफ्ट, गुळगुळीत फरशी, न उघडणारी खिडकी. खिडकीतून समुद्र दिसत होता, मधे भलामोठा रुंद रस्ता. थोरल्याला वायफाय मिळालं, तो दिसेनासा झाला. आईने खोलीभर एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "ही हिंजवडी आहे. समुद्र लावलेली हिंजवडी."

मग रात्री पलंगावर बैठक भरली. पुढचे दिवस राहायचं कुठे? प्रत्येकाचं एकच मागणं होतं आणि कुठलीही दोन मागणी एका गावात मावत नव्हती. थोरल्याला पोहण्याचा तलाव. धाकटीला गच्ची. मला नवा भाग बरा वाटत होता, पाश्चर बुलव्हार्डच्या आसपास, फ्रेंच धाटणीच्या इमारती, कॅफे, औषधाचं दुकान हाकेवर. आईचं गुडघ्याचं औषध हा माझा मुद्दा होता. तुमच्या सुनेला हॉटेल व्हिला दे फ्रान्स हवं होतं, कारण मातीस हा चित्रकार १९१२ साली तिथल्या ३५ नंबरच्या खोलीत राहिला आणि खिडकीतून दिसणारं चर्च त्याने रंगवलं. मी म्हटलं, ते चित्र पाहिलं की खोलीचं भाडं वाचतं. त्यावर ती जे बोलली ते पत्रात लिहीत नाही.

आई नकाशा बघत होती. चष्मा कपाळावर, फोन नाकाला लावून. मधेच म्हणाली, "अरे, इथे कसबा लिहिलंय."

नाना, खरंच लिहिलेलं होतं. जुन्या गावाच्या डोक्यावर तटबंदीतला भाग आहे, त्याला कसबाच म्हणतात. आपल्या कसबा पेठेतला कसबा आणि हा एकच, मूळ अरबी. पन्नास वर्षं कसब्यात काढलेल्या बाईला परदेशात कसबा सापडल्यावर बैठक संपली. गणपती विचारला नाही, एवढंच.

कसब्यात जाण्याची युक्ती अशी, की वरून जावं. टॅक्सी बाब-कसबापर्यंत जाते, तिथून आम्ही ठरवलेलं पाहुणघर दोन मिनिटांवर. आम्ही टॅक्सीवाल्याला घराचं नाव सांगितलं. त्याने आम्हाला खाली, जुन्या बाजाराच्या तोंडाशी सोडलं. पुढे गल्ल्या, पायऱ्या, पुन्हा गल्ल्या. चाकाच्या बॅगा पायऱ्यांवरून ओढताना जो आवाज होतो तो ऐकून एकेका दारातून माणसं बाहेर येऊन पाहत होती. शेवटी एका हातगाडीवाल्याने बॅगा घेतल्या आणि आईला हाताने 'सावकाश' अशी खूण केली. आईने त्याला मराठीत उत्तर दिलं, "तू पुढे हो, मी येते." तो पुढे झाला. तिच्या गुडघ्याबद्दल मी मधे एकदाच विचारलं. म्हणाली, "पायऱ्या मोजतेय, बोलू नकोस."

घराच्या नावात 'दार' आहे. इथे पुष्कळ पाहुणघरांच्या नावात ते असतं. अरबीत दार म्हणजे घर, आणि बाब म्हणजे दार. धाकटीला हे इतकं आवडलं की दोन दिवस ती "बाब लाव, वारा येतोय" असं म्हणतेय. मधे बागेचा चौक असेल तर घराला रियाद म्हणतात, नुसता फरसबंदी असेल तर दार. आमचं दारच. बाहेरून बघाल तर कोरी भिंत, रस्त्याकडे नावापुरती खिडकी, एक जाडजूड लाकडी दरवाजा आणि त्या दरवाज्यातच दुसरा छोटा दरवाजा.

"दिंडी," आई म्हणाली आणि वाकून आत गेली. पन्नास वर्षांची सवय. मी डोकं आपटून घेतलं.

आत चौक. वर आभाळ. चारही बाजूंना खोल्या, सगळ्यांची तोंडं चौकाकडे, वरच्या मजल्यावर कठडा, कोपऱ्यात अंधारा जिना. आईने खोली बघितलीच नाही. चौकात खुर्ची मागितली. 'खुर्ची' म्हटल्यावर मालकीणबाईंनी 'कुर्सी' आणून दिली, त्यामुळे आईचा समज झाला आहे की इथे मराठी चालतं. साबणाला इथे साबून म्हणतात आणि बिलाला हिशोबाचाच भाऊबंद शब्द आहे, त्यामुळे तो समज मोडायला मला पुरावा मिळत नाही.

तुम्हाला दोषही कळायला हवेत. खोलीला उजेड चौकातूनच, त्यामुळे दुपारीही दिवा लागतो. भिंतींना ओल. चौकात कुणी कुजबुजलं तरी गच्चीवर ऐकू जातं. समोरच्या खोलीतल्या बेल्जियन जोडप्याचं भांडण कशावरून आहे ते आता आम्हा सगळ्यांना माहीत आहे, आणि आईचं मत त्या मुलीच्या बाजूने आहे. पहाटे अजान होते. "बरं झालं, गजर लावायला नको," इति आई. गिझर गॅसचा आहे आणि स्वभावाने आपल्यासारखाच, म्हणजे दुसरा माणूस आंघोळीला गेला की रुसणारा. थोरल्याच्या मते वायफाय फक्त तिसऱ्या पायरीवर येतं. तो तिथेच राहतो.

सकाळी गच्चीवर न्याहारी. चौकोनी घडीची पोळी, तिला म्समेन म्हणतात, आणि जाळीदार आंबोळीसारखं बगरीर, वर मध. चहा पुदिन्याचा, साखर तुमच्या डॉक्टरांनी पाहू नये इतकी. दुपारी गल्लीत बिसारा मिळतो, वाळवलेल्या बाकल्याचं घट्ट आमटीसारखं, वर जिरेपूड आणि ऑलिव्हचं तेल. आईला तो इतका रुचला की वाटी परत करताना तिने फोडणीबद्दल सूचना केल्या. शाकाहाऱ्यांना हे फार सोयीचं आहे, कारण इतरत्र भाज्यांचा कुसकुससुद्धा मटणाच्या रश्शावर शिजलेला असू शकतो.

गच्चीवरून स्वच्छ दिवशी स्पेन दिसतो. सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम चौदा किलोमीटर. पण पूर्वेचा वारा सुटला की डोळे उघडणं मुश्कील, बोटीही रद्द होतात. काल त्या वाऱ्याने आईची वाळत घातलेली साडी उचलली आणि शेजारच्या गच्चीवर नेऊन टाकली. गच्च्या इथे मुळात बायकांच्या राज्यातल्या. शेजारच्या आजीबाईंनी साडी घडी करून कठड्यावरून परत दिली, सोबत चार म्समेन. आईने उलट चकल्या पाठवल्या. आज सकाळी दोघी एक तास बोलत होत्या. कुठल्या भाषेत ते विचारू नका, पण सुनांचा विषय होता हे हातवाऱ्यांवरून कळत होतं.

तुमच्या इतिहासाच्या वहीसाठी दोन गोष्टी. पहिली, मुंबई आणि टँजियर एकाच आंदणात गेलेली गावं. १६६१च्या तहात पोर्तुगालने राजकन्या कॅथरीनसोबत ही दोन्ही इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली. मुंबई त्याने १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. टँजियर ठेवून घेतलं, त्यावर पैसा ओतला आणि १६८४ साली आपणच बांधलेला धक्का सुरुंगाने उडवून निघून गेला. भाडेकरू ठेवून फायदा आणि स्वतः राहून तोटा, याचं याहून जुनं उदाहरण तुम्हाला मिळणार नाही. दुसरी, इब्न बतूता इथलाच, जन्म १३०४. विमानतळाला त्याचंच नाव आहे. तो पार आपल्या दौलताबाद आणि नंदुरबारपर्यंत आला होता. त्याचं थडगं या गल्ल्यांतच आहे. आईने तिथे हात जोडले आणि म्हणाली, "एवढा हिंडला, पण शेवटी घरी आला."

आता आकडा. खोलीला रात्रीचे ८५० दिरहॅम, न्याहारी धरून, पर्यटन कर वेगळा. एका दिरहॅमचे नऊ रुपये धरा, ७,६५० होतात. खोल्या दोन. बसलात का?

आई बसली होती. चौकात, त्याच कुर्सीवर. काल संध्याकाळी मी मुखत्यारपत्र आणि पेन घेऊन गेलो, म्हटलं, निवांत आहेस तर सही कर, बिल्डर थांबलाय. तिने कागद घेतला, पालथा केला आणि पेनाने मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. भाडेकरूंच्या सोडून आपल्या वाड्यात खोल्या सात. सात गुणिले ७,६५०. बरोबर ५३,५५०. रात्रीचे. खाली एक ओळ : चौक, दिंडी, ओल आणि रुसणारा गिझर आपल्याकडे आधीपासून आहे, खर्च शून्य. त्याखाली : चकल्या वेगळ्या लावता येतील.

सही कुठे आहे ते मी दोन्ही बाजूंनी पाहिलं. नाही.

आम्ही अजून दोन रात्री वाढवल्या आहेत. कागदाच्या मागच्या बाजूचा फोटो सोबत जोडतोय. चू. भू. द्या. घ्या.

आपला,
चिरंजीव

ता. क. तुमच्या रात्रीच्या गोळ्या निळ्या डब्यात आहेत. आणि आईने विचारलंय, माळ्यावरचे तांब्याचे हंडे तुम्ही भंगारवाल्याला अजून दिले नाहीत ना? देऊ नका.