तीस ग्रॅमची पोळी

वऱ्हाडातल्या पोळीला मंत्रालयात चपाती म्हणतात. चपातीचं वजन 30 ग्रॅम; पोळीचं अजून कुणी केलेलं नाही. 26 जानेवारी 2020 रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली, तेव्हा शासनानं सगळं मोजून दिलं: चपात्या 2, भाजी 100 ग्रॅम, वरण 100 ग्रॅम, भात 150 ग्रॅम. भूक तेवढी मोजायची राहिली.

मार्चअखेर कोरोनाच्या टाळेबंदीत 10 रुपयांची थाळी 5 रुपयांवर आली आणि तालुक्याच्या गावांनाही, म्हणजे चांदूर बाजारासारख्यांनाही लागू झाली. हे बरंच झालं. ज्याला हसू येत असेल त्यानं महिनाभर हातगाडी बंद ठेवून पाहावी.

हिशेब मात्र मजेशीर. एका थाळीचा खर्च शहरात 50 रुपये धरलेला, ग्रामीण भागात 35. ग्रॅम दोन्हीकडे सारखेच. म्हणजे अमरावतीत एसटीत चढलेली भूक खेड्यात उतरेस्तोवर 15 रुपयांनी स्वस्त!

शिवाय थाळीचं ॲप. त्यावर जेवणाऱ्याचं नाव आणि फोटो हवा असायचा. मास्क लावला तर चेहरा दिसायचा नाही, काढला तर दंडाची धास्ती. संत्र्याच्या बागेतला एखादा मजूर म्हणालाच असेल, ‘भाऊ, आंधी खाऊ द्या ना गा, मंग काढा फोटो. पोट भरल्यावर तोंड बरं येते.’

संत्र्याच्या मुलखात केशरी रंगाचा तरी मान राहायला हवा होता. पण 2020च्या मे-जूनमध्ये ‘प्राधान्य’ शिक्क्याच्या केशरी रेशनकार्डाला माणशी 5 किलो तांदूळ फुकट, आणि बिनशिक्क्याच्या त्याच केशरीला गहू 8 रुपये, तांदूळ 12 रुपये किलो. रोजगार दोघांचाही सारखाच बुडालेला.

दुसऱ्या लाटेत अमरावती आणि अचलपूर 22 फेब्रुवारी 2021ला बंद झाले. थाळी फुकट झाली 15 एप्रिलला, सगळं राज्य बंद झाल्यावर. मधले 52 दिवस विषाणू वऱ्हाडी होता, म्हणून थाळीचे 5 रुपये लागत राहिले.

याच अमरावती जिल्ह्यात, पूर्णाकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत गाडगेबाबा गोरगरिबांच्या पंगती बसवत आणि स्वतः मागून आणलेली भाकर खात. ॲपवर त्यांची नोंद कोणत्या रकान्यात झाली असती? केंद्रचालक म्हणावं तर हातात गाडगं. लाभार्थी म्हणावं तर फोटोच्या वेळी जागेवर नाहीत. पंगत उठली म्हणून खराटा घेऊन तिकडे गेलेले.