सुरी, संत्रे आणि राष्ट्रांची अक्कल

राष्ट्राराष्ट्रांची अक्कल तोलून तिची प्रतवारी लावणारे तक्ते हल्ली पुन्हा हातोहात फिरू लागले असून, ज्यांचा क्रमांक वर लागला त्यांना ते अर्थातच अत्यंत शास्त्रशुद्ध वाटतात.

गेल्या शतकात लायबेरियातील क्पेले शेतकऱ्यांपुढे संशोधकांनी खाद्यवस्तू, कपडे, अवजारे व भांडी असे वीस जिन्नस मांडून, जे ज्याच्याबरोबर शोभेल ते एकत्र ठेवण्यास फर्मावले. सुरी संत्र्यापाशी गेली, कारण सुरीने संत्रे कापतात. आणि शहाणा माणूस असेच करतो, अशी पुस्तीही जोडली गेली. अखेर वैतागलेल्या परीक्षकाने विचारले, ‘‘मग मूर्ख कसे लावील?’’ त्यासरशी समोर चार नीटनेटके ढीग आले, अगदी परीक्षकाला हवे होते तसे!

म्हणजे ज्या उत्तराला आमच्या तक्त्यात पैकीच्या पैकी गुण, ते त्या गावी मूर्खाचे ठरले. सुरीने संत्र्याचा संग सोडून हत्यारांच्या रांगेत मुकाट्याने उभे राहावे, संत्र्याने न कापलेल्या अवस्थेत फळांच्या पंगतीत सडावे, आणि भुकेल्या माणसाने या सुव्यवस्थेकडे पाहत तृप्त व्हावे, यालाच बुद्धी म्हणावयाचे हे मुकर्रर केले कोणी? कारकुनाने! दफ्तर लावणे म्हणजेच विचार करणे, अशी ज्याची जन्मजात समजूत, त्याच्या हाती मापे गेली की जगातील झाडून सारी माणसे त्याला बिघडलेली फडताळे दिसू लागतात. आमच्या पोरांनाही ‘गटात न बसणारे पद ओळखा’ हाच मंत्र घोकविला जातो, आणि बसत का नाही असे विचारणाऱ्या पोराला बाकावर उभे करतात. संताप येतो तो याचा!

शिवाय या तक्त्यांतील बुद्ध्यंकाची 100 ही सरासरी काही आकाशातून पडलेली नाही. ज्या लोकांवर परीक्षा बेतली, त्यांचीच सरासरी 100 धरण्याचा प्रघात आहे. विसाव्या शतकात खुद्द अमेरिकेत हे गुण दर दशकास सुमारे 3 याप्रमाणे चढत गेले; तेव्हा एका देशाला तीस वर्षांपूर्वीचे प्रमाण आणि दुसऱ्याला ताजे लावले, तर बसल्याजागी नऊ गुणांची तफावत निर्माण होते, आणि तिचे खापर मात्र वंशाच्या माथी फुटते.

तेव्हा वाचकहो, असा तक्ता कोणी पुढे केला तर प्रमाण कोणत्या सालचे, मुले कोणत्या शाळांतील आणि प्रश्न कोणाच्या घरचे, एवढे विचारा. उत्तर आले नाही, तर तक्ता रद्दीत घाला.