निम्मे गैरहजर मालक

अमेरिकेत घरपोच वृद्धसेवेच्या फ्रँचायझीच्या जाहिरातीत हसरी आजी असते, तिचा हात धरलेली सेविका असते. मालक कुठेच दिसत नाही. नोकरीला विटलेल्या माणसाला वाटतं, आपण फक्त पैसे घालायचे आणि गोल्फ खेळायचा. दलालही 'सेमी-अ‍ॅब्सेंटी' मालकीचं गाजर दाखवतो. निम्मी गैरहजेरी! शाळेत एवढ्यावर पालकांना बोलावणं यायचं.

तिथल्या नियमानुसार करारावर सही होण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी फ्रँचायझी देणाऱ्या कंपनीला इच्छुकाच्या हाती एक जाडजूड दस्तऐवज द्यावा लागतो. त्यात २३ कलमं. होऊ घातलेले मालक सातवं वाचतात, कारण त्यात खर्च. एकोणिसावं दोनदा वाचतात, कारण त्यात, छापलीच असेल तर, कमाई. पंधराव्यावर डुलकी लागते. मालकाने स्वतः किती राबायचं, ते नेमकं तिथेच असतं. पुष्कळदा मॅनेजर नेमायची मुभा मिळते, पण त्यालाही कंपनीचं प्रशिक्षण हवं आणि कर्जाला जामीन मालकच.

मग रविवारी पहाटे साडेपाचला मॅनेजरबाईंचा फोन. सेविकेची गाडी सुरू होत नाहीये, सातला एका आजोबांचा नाश्ता आहे, बदली माणूस नाही; आणि हो, त्या स्वतःही नोकरी सोडताहेत. लोगोचा टीशर्ट चढवून मालक निघतात.

आजोबा दार किलकिलं करून न्याहाळतात. "नवा दिसतोस. अंडं नीट उकड. आणि तुझ्या मालकाला सांग, मागच्या बिलात दोन तास जास्त लावलेत."